चूल घेण्याआधी धुराड्याचं बघा

पेण-रोह्याच्या पट्ट्यात दोन-चार गुंठ्यांवर छोट्या खोल्या भराभर उभ्या राहत आहेत. कुणी दहा बाय बाराची विटांची खोली बांधतं, कुणी पत्र्याची शेड उभारतं, कुणी तयार केबिन ट्रेलरवरून आणून चौथऱ्यावर ठेवून देतं. माझं घर पेणला आणि अशी एक खोली रोह्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे येणारी मंडळी कौतुकाने इकडेतिकडे बघतात आणि हमखास विचारतात, "लाकडावर चालणारी एखादी छोटी, स्वस्तातली शेगडी सुचवा ना. आमच्याही खोलीत बसवायची आहे."

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देण्याचं मी सोडून दिलं आहे. शेगडी स्वस्तात मिळते, त्यात काही अडचण नाही. महाग पडतं ते तिच्या भोवतीचं सगळं: धुराडं, मागची भिंत, वरचं छप्पर आणि पावसाळ्यात कोरडं राहिलेलं लाकूड. या चारांचा हिशेब आधी झाला, तर शेगडी कोणतीही चालते. तो झाला नसेल, तर महागातली शेगडीही घात करते.

इच्छा कुठून आली

लाकडाच्या चुलीची आठवण आमच्याकडे अनेकांना 3 जून 2020 नंतर झाली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पत्रे उडाले, आंबे-फणस मुळासकट उपटले गेले, आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. इंडक्शन शेगडी, गीझर, मिक्सर सगळं गप्प. मात्र दारात लाकूड एवढं पडलेलं, की वाट काढायला कुऱ्हाड लागावी. आपल्याकडे एक चूल असलीच पाहिजे, हे तेव्हा पुष्कळांनी मनावर घेतलं. मीही घेतलं.

माझी खोली म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामावर वापरलेली जुनी केबिन. आतून-बाहेरून रंगीत पत्रा आणि मधे फोम. ऊन अडतं, पाऊस अडतो, बांधकामाची कटकट नाही. तिच्या कोपऱ्यात बसेल अशी शेगडी एका फॅब्रिकेटरने बनवून दिली. पातळ पत्र्याची पेटी, समोर झडप, वर टोप ठेवायला गोल भोक आणि मागून अडीच इंची पाइप. पाइप दोन ठिकाणी काटकोनात वळवून भिंतीतून बाहेर काढला आणि वळचणीच्या खाली संपवला. पाइपात पाणी जायला नको म्हणून ही सोय. वर त्याची हमी होती, "शेठ, खोलीत धूर दिसला तर पैसे परत."

शेजारच्या वाडीतल्या आजी बघायला आल्या. आयुष्य चुलीसमोर गेलेलं. त्यांनी पाइप बाहेरून पाहिला आणि म्हणाल्या, "बाबा, हिला वर तोंडच नाय. हिचा धूर जायचा कुठं?"

उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघडी असताना काही जाणवलं नाही. आषाढात माझा मावसभाऊ आणि वहिनी मुक्कामाला आले. रात्री पाऊस तिरपा लागला, म्हणून नैर्ऋत्येची खिडकी लावली, मग दारही लावलं. भात झाला, कोळंबीची आमटी झाली. शेगडीत लालभडक निखारे होते, धूर अजिबात नव्हता. ऊब बरी वाटत होती, म्हणून निखारे तसेच राहू दिले आणि सगळे झोपलो. मध्यरात्री वहिनींचं डोकं फुटायला लागलं, त्यांना मळमळू लागलं. मावसभाऊ उठला तो भिंत धरूनच. पहिला संशय अर्थातच रात्रीच्या कोळंबीवर गेला. दार उघडून पडवीत बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दोघांना बरं वाटायला लागलं. सकाळी रोह्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोळंबीबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न केला, "बंद खोलीत शेगडी पेटवून झोपला होतात का?"

त्या रात्री झालं काय

हे नीट समजून घेतलं, तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

लाकडाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साचत जातो. आधी डोकेदुखी, मग मळमळ, चक्कर, गुंगी, आणि झोपेतला माणूस पुढे उठतच नाही. उत्तरेत थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामागे हाच वायू असतो.

आपल्या मनात धोका म्हणजे धूर. निखारे दिसायला निर्मळ असतात, पण हा वायू नेमका निखाऱ्यांच्या वेळीच जोरात निघतो. त्याच वेळी जाळ विझल्याने धुराड्याचा पाइप थंड पडतो आणि त्याची ओढ संपते. आमच्या पाइपाचं तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या थेट समोर होतं. वारा पाइपात शिरला आणि शेगडीतला वायू खोलीत ढकलला गेला.

दुसरी गोष्ट शेगडी काढल्यावर दिसली. मागच्या पत्र्याचा रंग तपकिरी पडून फुगला होता, आणि आतला फोम आकसून पोकळी झाली होती. हा पॉलियुरेथेनचा फोम पेटला की त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. मधे थर्मोकोल असलेल्या भिंती तर शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतात. केबिन विकणारा हे सांगत नाही, आणि शेगडीवाल्याला भिंतीत काय आहे हे माहीत नसतं. विचारायचं काम आपलं.

आधी ठरवा: चूल कशासाठी?

हिमाचल-काश्मीरच्या सहलीत बुखारी पाहून आलेल्यांना खोलीत तशी शेगडी हवी असते. तिकडे ती खोली तापवण्यासाठी असते. आपल्याकडे थंडी पडते ती पौष-माघात, तीही पहाटेपुरती. एक किलो कोरडं लाकूड तासाभरात जाळलं आणि त्यातली निम्मी उष्णता खोलीत राहिली, तरी ती दोन किलोवॅटच्या गीझरएवढी होते. दहा बाय बाराच्या खोलीत जुलैमधल्या 26-27 अंशांत एवढी उष्णता सोडली, तर माणूस घामाघूम होऊन दार उघडतो. मग शेगडी कशाला?

कोकणातल्या छोट्या खोलीची खरी गरज तीन गोष्टींची: आंघोळीचं पाणी, वीज किंवा गॅस नसताना दोन वेळचं जेवण आणि पावसाळ्यात ओले कपडे वाळवणं. यातली एकही गोष्ट झोपायच्या खोलीतच व्हायला हवी, असं नाही.

रोजच्या चहा-नाश्त्यासाठी गॅसला तोड नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावं. 14.2 किलोच्या एका सिलिंडरइतकं काम साध्या उघड्या चुलीवर करायचं, तर दीडशे ते पावणेदोनशे किलो लाकूड लागतं. चांगल्या सुधारित शेगडीत तेच शंभर किलोच्या आसपास येतं. शनिवार-रविवारच्या मुक्कामाला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. चूल ही त्याच्या जोडीला असावी.

जागा: पडवी हेच उत्तर

आपल्या जुन्या घरांत चूल स्वयंपाकघरात असायची, पण ते स्वयंपाकघर मागल्या अंगाला, उंच कौलांखाली असे. कौलांच्या फटींतून धूर झिरपत जाई. आजची पत्र्याची किंवा पॅनेलची खोली हवाबंद डब्यासारखी असते, म्हणून जुन्या घरातली चूल उचलून इथे ठेवता येत नाही. आणि जुन्या घरांतही ती निर्धोक नव्हतीच. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, हे मोजलं, तेव्हा कुठे जगाचं तिकडे लक्ष गेलं. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: खोलीला लागून तीन बाजूंनी मोकळी, सहा-आठ फुटांची पडवी काढा आणि चूल तिथे मांडा. छप्पर पत्र्याचं असू दे, उंची डोक्याच्या बरीच वर असू दे. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पडवी ईशान्येला किंवा पूर्वेला बरी. ते जमत नसेल तर नैर्ऋत्येच्या अंगाला अर्धी भिंत घाला. सिमेंटचे पत्रे असतील तर जाळ त्यांच्या जवळ जाऊ देऊ नका, उष्णतेने ते तडकतात आणि मोठ्या आवाजाने फुटतात. झावळ्यांचा किंवा पेंढ्याचा मांडव चुलीवर नको, हे सांगायची गरज नसावी, पण होळीच्या सुमारास असे मांडव पेटलेले पाहिले आहेत.

तरीही शेगडी खोलीतच हवी असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा. प्रमाणपत्र नसलेल्या लोखंडी शेगडीपासून जळण्याजोग्या कोणत्याही गोष्टीपर्यंत सर्व बाजूंनी 36 इंच अंतर हवं, असं अमेरिकेतले अग्निसुरक्षेचे नियम सांगतात. जळण्याजोगी म्हणजे लाकडी पार्टिशन, फोमची भिंत, पडदा, गादी. टेप घेऊन हे अंतर जमिनीवर खडूने आखून बघा. दहा बाय दहाच्या खोलीत खाट मांडायला जागा उरत नाही, आणि पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो. विटांच्या भिंतीला लागून ठेवायची असेल, तर अंतर कमी चालतं. खाली प्लायवूडची जमीन असेल तर नुसता पत्रा टाकून भागत नाही. विटांचा थर द्या आणि मधे हवा खेळू द्या.

हवेचाही हिशेब करा. एक किलो लाकूड नीट जळायला व्यवहारात सुमारे दहा घनमीटर हवा लागते. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत एकूण हवाच जेमतेम तीस घनमीटर. म्हणजे तासाला एक किलो जाळलं, तर खोलीतली एक तृतीयांश हवा शेगडी पिते. जमिनीलगत चार बाय चार इंचाची जाळीची झडप कायम उघडी हवी, आणि तिच्यासमोर पोतं, बूट, छत्री काही ठेवायचं नाही. खोलीत शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म घ्याच. आणि अलार्म असला तरी निखारे ठेवून झोपायचं नाही.

धुराडं: इथे पैसे वाचवू नका

धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर ठरते: पाइपाची उंची आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे. थंड देशांतल्या शेगड्यांची चित्रं पाहून आपण तेवढाच पाइप लावतो. पण धूर 150 अंशांचा असेल, तर बाहेर शून्य अंश असताना जी ओढ मिळते, ती बाहेर 27 अंश असताना सुमारे पाव हिस्सा कमी होते. म्हणजे आपल्याला त्यांच्यापेक्षा उंच पाइप हवा, आखूड नव्हे.

छोट्या शेगडीलाही चार इंच व्यासाचा पाइप बरा. तीन इंचांच्या खाली उतरू नका, काजळी धरली की तो दोन इंचांचाच उरतो. काटकोनी वळण टाळा. वळवावाच लागला तर 45 अंशांचे तुकडे वापरा. पत्र्यातून बाहेर पडल्यावर पाइप किमान तीन फूट वर हवा, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल, त्याहून दोन फूट उंच. टोकाला टोपी हवी, पण टोपी आणि पाइप यांत व्यासाएवढी तरी फट ठेवा. वारा आणि पाऊस दोन्हींचा मार तिथे बसतो, म्हणून पाइप तारेने तीन बाजूंना ताणून बांधा.

आता पावसाचं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छपराला पाडलेलं भोक नुसत्या सिलिकॉनने बुजवलं, तर ते एक-दोन पावसाळे टिकतं. पन्हाळीच्या उंचवट्यावर भोक पाडून त्यावर पत्र्याची शंकूसारखी कॉलर बसवा आणि कॉलरची वरची कड पन्हाळीच्या पत्र्याखाली सरकवा, म्हणजे उतारावरून येणारं पाणी वरून निघून जाईल. विटांची खोली असेल तर पाइप भिंतीतून आडवा बाहेर काढून मग सरळ वर नेणं सोपं, गळती होत नाही. मात्र बाहेरचा पाइप लवकर थंड पडतो आणि त्यात डांबरासारखी काजळी जास्त जमते, म्हणून खालच्या वळणावर उघडता येईल असं झाकण ठेवा. पेटवायच्या आधी तिथे एक वाळलेली झावळी जाळली की पाइप तापतो आणि ओढ सुरू होते.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप शेगडीलगतच्या तापणाऱ्या भागाला नको. जस्त 420 अंशांनाच वितळतं आणि जास्त तापल्यास त्याची वाफ फुफ्फुसांना त्रास देते. पहिले तीन-चार फूट काळ्या लोखंडाचा पाइप घ्या.

निर्धूर चुलींचा आपल्या देशातला इतिहास बघितला, तरी धुराड्याचं महत्त्व कळतं. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चूल आली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 मध्ये तो गुंडाळेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने साच्यात ओतायची, दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल गावोगावी पोहोचवली. आराखडे चांगले होते. पण ओडिशात एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशा धुराड्याच्या चुली वापरणाऱ्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि पुढे तो फायदा विरून गेला. लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या नाहीत. धुराडं बसवणं हा एक दिवसाचा खर्च आहे. ते झाडणं कायमचं काम आहे. वापरात असेल तर महिन्यातून एकदा ब्रश फिरवा.

कोणती चूल घ्यावी

*मातीची किंवा विटांची चूल, वैलासह.* पडवीसाठी सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत समाधानाची. पुढच्या तोंडावर भात, वैलावर पाणी. लिंपायचं काम मात्र वाडीतल्या जाणत्या बाईकडून करून घ्या आणि तिची मजुरी नीट द्या. हवा खालून शिरेल अशी छोटी जाळी टाकली की जाळ चांगला धरतो.

*उचलून नेता येणारी धातूची शेगडी.* यातल्या बऱ्याच शेगड्या 'रॉकेट' पद्धतीच्या असतात. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात मांडलेलं हे तत्त्व: तोंडाशी बारीक काटक्या, आत उष्णता कोंडून धरणारी उभी नळी. लाकूड निम्म्याच्या आसपास लागतं. पण तिला धुराडं नसतं. जाहिरातीतल्या 'धूरमुक्त'चा अर्थ 'कमी धूर' एवढाच घ्या आणि ती पडवीतच वापरा. विकत घेताना आयएस 13152 या मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. पंखा नसलेल्या शेगडीची उष्णतेची कार्यक्षमता किमान 25 टक्के आणि पंख्याच्या शेगडीची 35 टक्के असावी, असं ते मानक सांगतं.

*पंख्याची शेगडी.* जाळ सुंदर, धूर फारच कमी. पण बॅटरी, चार्जर, पंखा यांतलं काही बिघडलं की ती नुसता डबा होते. कोकणच्या दमट हवेत ते बिघडतंच. खास गोळ्यांवर चालणारी शेगडी घेताना दहा वेळा विचार करा. 'ऊर्जा' नावाची गोळ्यांवरची शेगडी पुण्याकडे एकेकाळी खूप खपली. पुढे गोळ्या महागल्या तशी ती घराघरांतून मागे पडली. जे इंधन आपल्या बांधावर मिळतं, त्यावरच चूल चालावी.

*भुशाची शेगडी.* वखारीतला भुसा ठासून भरायचा आणि मधल्या भोकातून पेटवायचा. तासन् तास चालते, पाणी तापवायला उत्तम. पण ती धुमसत जळते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड भरपूर. फक्त उघड्यावर.

*पाण्याचा बंब.* आपली ही जुनी युक्ती खरोखर हुशारीची आहे. जाळ मधल्या नळीतून वर जातो आणि त्याच्या चहूबाजूंनी पाणी असतं, त्यामुळे चार करवंट्या आणि मूठभर ढलप्यांत बादलीभर पाणी कढतं. मात्र बंद न्हाणीघरात बंब पेटवून आंघोळीला बसणं जिवाशी खेळ आहे. बंब बाहेर, बादली आत.

*फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेली शेगडी.* जाळ लागतो तिथे पत्रा किमान तीन मिलिमीटरचा मागा. पातळ पत्रा दोन मोसमांत वाकतो आणि चिरतो. तपासायची सोपी रीत: अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून बघा, सांध्यांतून उजेड दिसला तर तिथून धूर येणार. झडपेत कागदाचा कपटा अडकवून ओढा; तो अलगद सुटला तर झडप बसत नाही. बिडाची जुनी शेगडी मिळाली तर छान, पण तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, तेव्हा वरून गळती असेल तिथे ती नको. रंगवलेली कोणतीही नवी शेगडी आधी मोकळ्यावर दोन-तीनदा जोरात पेटवून रंग जाळून टाका. रासायनिक पदार्थांच्या जुन्या पिंपाची शेगडी घेऊच नका. रोह्याच्या औद्योगिक पट्ट्यातून अशी पिंपं भंगारात येतात, आणि आत काय होतं ते कुणी सांगू शकत नाही.

शेगडी लहान म्हणजे सोय, असंही नाही. तिचं पोट लहान असलं की लाकूड सहा-आठ इंचांचं फोडावं लागतं आणि दर थोड्या वेळाने घालत बसावं लागतं. दुकानात जाताना आपला नेहमीचा टोप आणि तवा बरोबर न्या. दोन्ही वर नीट बसले पाहिजेत.

लाकूड: दिवाळी ते आगोट

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते वाफ होऊन जाईपर्यंत जाळ तापत नाही, आणि न तापलेला जाळ म्हणजे धूर. म्हणून लाकडाचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं. तोडून, फोडून, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवून, आगोटीच्या इतर भरणीबरोबर मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते छपराखाली गेलं पाहिजे. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा छपराखालचं लाकूडही हवेतून ओल ओढून वीस टक्क्यांपर्यंत पोहोचतं. नीट जळण्याची मर्यादा साधारण तीच. म्हणजे ओलीसाठी मुळीच जागा शिल्लक नसते. एक झड बसली की ते लाकूड त्या मोसमापुरतं गेलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणक, खणखणीत आवाज आला तर वाळलेलं. ठप्प वाजलं तर ओलं.

जळणाला बांधावरचं गिरिपुष्प आणि सुबाभूळ उत्तम, लवकर वाढतं आणि लवकर वाळतं. ऐन, किंजळ, खैर, साग, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. वादळात पडलेल्यांचीही वनखात्याकडे चौकशी करूनच विल्हेवाट लावा. पेणच्या खारेपाटात सरपण दुर्मीळ, म्हणून हात कांदळाकडे जातो. त्या झाडाला कायद्याचं संरक्षण आहे. बिब्बा आणि कण्हेर चुलीत घालू नका, काजूची टरफलंही नकोत. त्यांचा धूर अंगावर उठतो, डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. रंगवलेलं प्लायवूड आणि प्लास्टिक तर नाहीच.

लाकडाची रास खोलीपासून चार पावलं लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच रचा. खालून हवा खेळते, वाळवी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे घोणस, फुरसं, मण्यार यांना आडोसा मिळत नाही. रात्री सरपण काढायला नुसता हात घालू नका. संध्याकाळीच पुरेसं आणून ठेवा. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढून बाहेर ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव जिवंत असतो.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

माझ्याकडे आता खोलीत शेगडी नाही. पूर्वेच्या पडवीत मातीची चूल आहे, तिच्यावर चार इंची धुराडं आहे आणि बाजूला बंब. आजींनी पाहून पसंती दिली, आणि वैल जरा खाली घ्यायला सांगितला, तोही घेतला.

नव्याने करणाऱ्याने पहिला पैसा पडवीवर घालावा. दुसरा सरपणाच्या छपरावर. तिसरा धुराड्यावर, आणि माझ्या अनुभवात धुराडं शेगडीहून दुप्पट महाग पडतं, हे धरूनच चाला. खोलीत शेगडी ठेवणारच असाल, तर अलार्म आणि हवेची झडप चौथ्या क्रमांकावर. यातून जे उरेल, त्यात शेगडी घ्या. उरलेले पैसे फारच थोडे असतील तर तीन विटा मांडा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा. शेगडीवाला "धूर येणारच नाही" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, की पाइप किती उंच, किती रुंद, आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला? तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे तयार नसतील, तर दुसरं दुकान बघा.